औषध चालू असलेल्या गाईचं शेण वेगळं ठेवा

खत बनवण्यासाठी आमची गाडी शेण उचलायला आली की माणूस आधी विचारतो, ‘कुठल्या गाईला औषध चालू आहे का?’ बरेचजण यावर चिडतात. शेण ते शेण, त्यात काय विचारायचं! म्हणून हे सविस्तर लिहितो.

दगडी (कासेची सूज) झाली, सडात ट्यूब सोडली, इंजेक्शन दिलं की दूध बाजूला काढायचं हे तुम्ही पाळताच. चूक पुढे होते: त्याच गाईचं शेण नेहमीच्या खड्ड्यात जातं. पोटात गेलेल्या औषधाचा बराच भाग शेण-मुतातून जसाच्या तसा बाहेर पडतो. सल्फा गटातल्या जंतुनाशक औषधाचा जो अंश शरीरात बदलतो, त्यातलाही काही साठवलेल्या शेणात पुन्हा मूळ रूपात येतो. एका गाईचं दिवसाचं १५ किलो शेण ट्रॉलीत मिसळलं की आम्हाला सगळी ट्रॉली बाजूला ठेवावी लागते. जागा अडते आणि तुमचंच खत लांबतं.

नेपियर गवताच्या मळ्यात किंवा कुरणात नांगर फिरत नाही, त्यामुळे तिथे टाकलेली स्लरी, म्हणजे पातळ शेण, वरच राहते. ऑक्सिटेट्रासायक्लिन (टेट्रासायक्लिन गटातलं जंतुनाशक औषध) चिकणमातीला आणि आपल्या जांभ्यातल्या लोहाला घट्ट धरून वरच्या थरात बसतं. सल्फा तसं धरत नाही, ते पाण्याबरोबर चालतं. गांडुळांची बिळं, मुळांच्या वाटा, भेगा यांतून पाणी सरळ खाली उतरतं, मातीला ते गाळायला सवडच मिळत नाही. आपल्याकडे कोकणात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. मिरगाच्या तोंडावर ओली स्लरी टाकली तर पहिल्याच सरीत ती उतारावरून ओहोळात, नाहीतर खालच्या विहिरीकडे जाते. चुन्याने हे थांबत नाही. मातीचा आंबटपणा कमी झाला की सल्फा उलट अधिक सुटं होतं. पिकाला चुना हवा असेल तर जरूर घाला, पण या कामासाठी नको.

मातीत थोडं थोडं औषध राहिलं की जंतूंना त्याची सवय होते, आणि उद्या तुमच्याच वासराला तेच इंजेक्शन लागू पडत नाही. मला याचीच जास्त काळजी वाटते.

ढीग ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापवून वरचेवर उलटला की टेट्रासायक्लिन बरंच कमी होतं, पण त्याला काही आठवडे लागतात. एन्रोफ्लॉक्सासिन हे दुसरं जंतुनाशक औषध मात्र चिवट, ते शिल्लक राहतं. म्हणून ‘आमच्या खतात औषधाचा अंशही नाही’ असं आम्ही छापत नाही. ढिगाचं तापमान वहीत रोज लिहितो, ती वही कुणीही येऊन पाहावी. खत दोन पैसे महाग पडतं ते याच मेहनतीमुळे.

शेवटच्या इंजेक्शननंतर १५ दिवस त्या गाईचं शेण आमच्या लाल पिंपात टाका आणि झाकणावर औषधाचं नाव व तारीख खडूने लिहा. नाव आठवत नसेल तर रिकामी बाटली पिंपाशेजारी ठेवा, आमचा माणूस वाचेल. पिंप आम्ही फुकट देतो. ते शेण वेगळ्या, छपराखालच्या ढिगात जातं आणि चवथीनंतर पाऊस ओसरला की मगच बाहेर निघतं.