भुताने विचारलं, नवऱ्याने नाही

व्हॅलेंटाइन डेला दोघांनी बसून भुताचा सिनेमा बघायचा असेल, तर माझं मत ‘पहेली’ला. दिग्दर्शक अमोल पालेकर, साल २००५. शाहरुख खान-राणी मुखर्जीची जोडी, गुलजारांची गाणी आणि डोळे दिपवणारं राजस्थान एवढं बहुतेकांना आठवतं. गोष्ट मात्र त्याच्या कितीतरी आधीची.

जोधपूर जिल्ह्यातल्या बोरुंदा गावचे विजयदान देथा हे तिचे लेखक. लोक त्यांना ‘बिज्जी’ म्हणत. गावातल्या माणसांकडून, त्यातही बायकांकडून ऐकलेल्या लोककथा त्यांनी राजस्थानी भाषेत आपल्या पद्धतीने लिहून काढल्या. ‘बातां री फुलवाडी’ या त्यांच्या कथासंग्रहाचे १४ भाग झाले आणि १९७४ साली त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांनी नुसत्या कथा उतरवून घेतल्या नाहीत, हे महत्त्वाचं. चालत आलेली गोष्ट तशीच ठेवून ते तिच्यात बाईचं मन घालत.

‘पहेली’ ज्या कथेवर बेतला, त्या त्यांच्या ‘दुविधा’त हे अगदी सुरुवातीलाच दिसतं. लग्न लावून वरात परत निघाली आहे. वाटेत नवरीला केर नावाच्या रानटी झुडपावर पिकलेले लाल ढालू, म्हणजे त्याची फळं, दिसतात आणि ते खावेसे वाटतात. सावकाराच्या पोराला, म्हणजे नवऱ्याला, ते गावंढळांचं खाणं वाटतं, शिवाय त्याचं डोकं लग्नाच्या खर्चाच्या हिशेबात. पुढे तर व्यापाराचा मुहूर्त साधायला तो लग्न ताजं असतानाच पाच वर्षांसाठी परदेशी निघून जातो. वाटेतच नवरीवर भाळलेलं भूत मग त्याचं रूप घेऊन घरात येतं. सासऱ्याला रोज सोन्याच्या मोहरा मिळत असल्यावर तो कशाला शंका घेतोय! भूत त्या मुलीला मात्र फसवत नाही. आपण कोण ते आधी सांगतं आणि निर्णय तिच्यावर सोडतं. तिला तिची मर्जी विचारणारं हे पहिलंच कुणीतरी, आणि तेही भूत.

या कथेवर पहिला सिनेमा केला मणी कौल यांनी, १९७३ साली. नाव ‘दुविधा’च. चित्रीकरण बोरुंद्यातच झालं आणि पैशांची मदत केली चित्रकार अकबर पदमसी यांनी. त्यांची मुलगी रईसा नवरी झाली, तर रवी मेनन नवरा आणि भूत दोन्ही. पात्रं फारशी बोलत नाहीत, चौकटी मध्येच थिजतात, पांढऱ्या भिंतीपुढे लाल ओढणी नुसती दिसत राहते. कौलना त्यासाठी दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमा दीड तासाहून कमी आहे, पण संथ. सगळ्यांना झेपेलच असं नाही.

पालेकर या कथेकडे वळले ते ‘अनाहत’ (२००३) हा मराठी सिनेमा करून. तिथेही प्रश्न बाईच्या इच्छेचाच होता: नियोगाच्या, म्हणजे वंशासाठी परपुरुषाकडून मूल होऊ देण्याच्या जुन्या प्रथेच्या, निमित्ताने राणीला स्वतःची वासना कळते. ‘पहेली’ची पटकथा संध्या गोखले यांची. नसीरुद्दीन शाह आणि रत्ना पाठक शाह यांच्या आवाजातल्या कठपुतळ्या गोष्ट सांगतात, आणि राजस्थानातल्या टोडारायसिंगची हाडी रानीची पायऱ्यापायऱ्यांची विहीर तर एखाद्या पात्रासारखी वावरते. भारताने तो ऑस्करसाठी पाठवला होता. नामांकन काही मिळालं नाही.

खरा फरक शेवटात आहे. (सिनेमा बघायचा असेल, तर इथे थांबा.) खरा नवरा परततो, आणि निवाडा करतो एक मेंढपाळ. त्याच्या परीक्षेत भूत छागळीत, म्हणजे पाण्याच्या कातडी पिशवीत, शिरतं, छागळीचं तोंड बांधलं जातं. देथांच्या आणि कौलांच्या ‘दुविधा’त नवरीच्या वाट्याला त्यानंतर फक्त नवरा उरतो, आणि तिला काय हवंय हे विचारायला पुन्हा कुणी येत नाही. ‘पहेली’त भूत निसटून नवऱ्याच्याच शरीरात शिरतं आणि दोघं सुखी होतात. सणाच्या रात्री हा शेवट गोड लागतो. मात्र त्या बिचाऱ्या खऱ्या नवऱ्याचं, किशनलालचं, पुढे काय झालं, हे सिनेमा विचारत नाही. पहिल्यांदा बघताना मीही विचारलं नव्हतं.