यंत्र बंद पडलेल्या तासांचा हिशेब

चिमणीची तपासणी आधी कळवलेल्या दिवशी होणार असेल, तर त्या दिवशी भट्टी नीट चालते, गाळण्या स्वच्छ असतात आणि आकडा छान येतो. उरलेल्या दिवसांचं काय? अमेरिकेने 1990 साली हवा शुद्धता कायद्यात आम्लवर्षा रोखणाऱ्या तरतुदी घातल्या आणि कोळशावरच्या वीजकेंद्रांना सल्फर डायऑक्साइड अखंड मोजायला लावला. किमान दर 15 मिनिटांनी एक मोजणी, तिच्यावरून तासाची सरासरी आणि दर तिमाहीला सगळे आकडे सरकारकडे.

यात वायूचं नुसतं प्रमाण मोजून भागत नाही. चिमणीत बाहेरची हवा मिसळली की प्रमाण कमी दिसतं, पण बाहेर पडणारा वायू तेवढाच राहतो. म्हणून धुराचा प्रवाहही मोजतात आणि दोन्हींच्या गुणाकारातून वजन काढतात.

यंत्रावरही आंधळा विश्वास नाही. प्रमाण आधीच माहीत असलेला वायू त्यात रोज सोडून ते बरोबर वाचतं का, हे पाहतात. शिवाय ठरावीक काळाने दुसऱ्या पद्धतीने किमान 9 वेळा मोजून दोन्हींचे आकडे ताडून पाहतात.

तरीही यंत्र बिघडतंच. मला या नियमांतला सर्वांत शहाणपणाचा भाग इथेच दिसतो. मोजणी न झालेला रिकामा तास शून्य धरला असता, तर यंत्र बंद ठेवणं फायद्याचं ठरलं असतं. म्हणून रिकामी जागा भरायची पद्धतच नियमात लिहिली आहे. यंत्र एरवी 95 टक्के किंवा जास्त वेळ नीट चाललेलं असेल आणि खंड 24 तासांपेक्षा मोठा नसेल, तर आधीच्या आणि नंतरच्या तासाची सरासरी घेतात. यंत्र जितकं बेभरवशाचं आणि खंड जितका लांब, तितका आकडा चढा. उपलब्धता, म्हणजे यंत्र नीट चाललेल्या वेळेचा वाटा, 80 टक्क्यांखाली गेली, की त्या चिमणीतून जास्तीत जास्त जितकं प्रमाण निघू शकेल, तेच धरायचं. हवेत सोडलेल्या प्रत्येक टन सल्फर डायऑक्साइडमागे केंद्राजवळचा, तेवढा वायू सोडायची मुभा देणारा एक परवाना खर्ची पडतो, त्यामुळे न मोजलेला धूर मोजलेल्यापेक्षा महाग पडतो.

मग यंत्र दुरुस्त करायला तंत्रज्ञ रात्रीसुद्धा धावत येतो, यात नवल नाही. राखीव यंत्र बसवायची मुभाही नियमांत आहे.