पत्र्याच्या डब्याआडचं वायफाय

मे महिन्यात अमळनेरला नानांकडे गेलो की दोन गोष्टी ठरलेल्या. दुपारी कळण्याची भाकरी-ठेचा, आणि हात धुऊन होतात न होतात तोच, "आमच्या कम्प्युटरचं जरा बघ." या खेपेची तक्रार अशी की, १०० एमबीपीएसचा (सेकंदाला १०० मेगाबिट) फायबर घेऊनही नातवाच्या क्लासचा व्हिडिओ कम्प्युटरवर गरगर फिरत बसतो. त्याच जागी बसून मोबाइलवर मात्र मजेत चालतो. दुकानदाराने कम्प्युटरात बसवायचं वायफाय ६ चं, म्हणजे आधीच्यापेक्षा नव्या पिढीच्या वायफायचं, कार्ड सुचवलं होतं. नानांना एवढंच हवं होतं, की पैसे घालू का नको?

मी आधी कम्प्युटरच्या मागे वाकून पाहिलं. माजघरात कॅबिनेट टेबलाखाली, पाठ भिंतीला, आणि पाठीमागच्या यूएसबीत वायफाय पकडणारा नखाएवढा डाँगल. म्हणजे पुढच्या खोलीतल्या राउटरकडून येणाऱ्या लहरींनी आधी दीड फुटी माती-विटांची भिंत ओलांडायची, मग पत्र्याच्या डब्याला वळसा घालून त्याच्या पाठीमागे पोहोचायचं. डब्याला भोकं आहेत की, असं नातवाचं म्हणणं. पण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटीमीटर, ५ गिगाहर्ट्झची ६ सेंटीमीटर. तिच्यापुढे काही मिलिमीटरची भोकं म्हणजे सलग पत्राच. मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारातली जाळीही याच हिशेबावर उष्णता देणाऱ्या लहरी आत कोंडून ठेवते.

फुकटच्या एका ॲपवर सिग्नल पाहिला तर उणे ७६ डीबीएम. हे माप समजायला सोपं आहे. शून्य डीबीएम म्हणजे १ मिलिवॅट, आणि दर १० ने खाली गेलं की शक्ती दहावा भाग उरते. उणे ६० म्हणजे मिलिवॅटचा दहा लाखावा भाग, तरी वायफायला तो चांगला पुरतो. उणे ७५ च्या पलीकडे गाडी रखडायला लागते. पेनड्राइव्हसाठी पडून असलेली मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन वायर घेतली, डाँगल टेबलावर आणून ठेवला. उणे ६४. बारा डेसिबलचा फरक म्हणजे शक्ती जवळपास १६ पट, तीही एक रुपया न मोडता. वायरचा आणखी एक फायदा आहे. निळ्या यूएसबी ३ पोर्टमधून २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट निघतो, आणि डाँगल त्याला चिकटून असला की तो बहिरा होतो.

"पण हिवाळ्यात इतका त्रास नव्हता," नाना म्हणाले. उत्तर पुढच्या खोलीच्या दारातच घरघरत होतं. पत्र्याचा कूलर, तिन्ही बाजूंनी ओलं गवत. राउटर आणि माजघर यांच्या मधोमध धातू आणि पाणी, एक लहरींना परतवणारा आणि दुसरं त्यांना पिऊन टाकणारं. खान्देशातल्या उन्हाळ्यात त्याला हलवा म्हणायची माझी छाती झाली नाही. मग राउटरच खुंटीवर चढवला.

आता कार्डाचं. खोक्यावर एसी १२०० लिहिलेलं असतं. एसी म्हणजे वायफाय ६ च्या आधीची पिढी, आणि १२०० म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांवरच्या ३०० आणि ८६७ एमबीपीएस वेगांची बेरीज करून वर गोल केलेलं. कार्ड एका वेळी एकाच पट्ट्यावर चालतं, तेव्हा ही बेरीज कधी हाती पडत नाही. शिवाय हवा सगळ्यांची मिळून एक, एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी थांबायचं. त्यामुळे लिहिलेल्या वेगाच्या निम्मा जरी फाइलला मिळाला तरी समाधान मानावं. १०० एमबीपीएसच्या प्लॅनला तोही भरपूर होतो. तो प्लॅन म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. बिट आणि बाइटमधला आठाचा भागाकार विसरला की उगाच भांडणं होतात. वायफाय ६ ची खरी मजा एका घरात दहा-पंधरा उपकरणं असताना, आणि राउटरही तसाच असेल तरच. नानांचा राउटर जुना, एसी पिढीचा, म्हणून दुकानदाराचा सल्ला अर्धाच बरोबर.

तरी कार्ड घ्यायचंच तर मी पीसीआय एक्सप्रेसचं, म्हणजे कॅबिनेटच्या आत मदरबोर्डच्या (मुख्य सर्किट बोर्डच्या) खाचेत बसणारं घेईन, ज्याचे अँटेना वायरने दूर ठेवता येतात ते. यात दोन खड्डे आहेत. कार्डावर ब्लूटूथही असेल तर त्याची एक बारकी वायर मदरबोर्डवरच्या नऊ पिनांच्या यूएसबी जागेत खोचावी लागते, नाहीतर वायफाय चालतं आणि ब्लूटूथ बेपत्ता. दुसरा खड्डा एम.२ कार्डांचा, म्हणजे बोर्डावरच्या छोट्या खाचेत बसणाऱ्या चपट्या कार्डांचा. इंटेलचं एएक्स२०० आणि एएक्स२०१ दिसायला जुळी भावंडं, पण २०१ ठरावीक इंटेल बोर्डांवरच चालतं, एएमडीवर नाही. एका अंकाच्या चुकीने मी स्वतः एकदा कार्ड परत पाठवलंय, कुरिअरचा खर्च खिशातून.

खरं विचाराल तर सगळ्यांत उत्तम कार्ड म्हणजे राउटरपासून कम्प्युटरपर्यंत ओढलेली साधी कॅट ६ ची (नेटवर्कची) तार. १०० मीटरपर्यंत गिगाबिट, म्हणजे सेकंदाला १००० मेगाबिट देते. भिंत आणि कूलर तिच्या खिजगणतीत नाहीत. हे बोललो मात्र, स्वयंपाकघरातून मोठ्या आईचा आवाज आला, "भितले भोक पाडानं नही!" विषय संपला.

शेवटी नानांनी कार्ड मागवलंच. अँटेनाच्या बैठकीला तळाशी लोहचुंबक होतं, आणि नातवाने ती कौतुकाने लोखंडी कपाटाच्या मागच्या अंगाला चिकटवली. सिग्नल उणे ७१. तिथून काढून लाकडी फडताळावर, देवाच्या फोटोशेजारी ठेवली, उणे ५८.