दूरच्या ओळखीचे गणित

ओळखीने कामे होतात, हे आपल्याकडे कुणाला वेगळे सांगावे लागत नाही. पण ओळख म्हटले की मामा, मेहुणा, साहेबांशी घरोबा असलेला शेजारी असेच चेहरे डोळ्यांपुढे येतात. नोकरी बदलायची ठरली की माणूस आधी जवळच्यांच्या कानावर घालतो. त्यांची तळमळ खरी असते, पण नोकरीची खबर बहुधा दुसरीकडूनच येते. असे का होते याचे उत्तर ओळखींच्या जाळ्याच्या आकारात आहे, आणि ते मला फार सुंदर वाटते.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात नुकतीच नोकरी बदललेल्या तंत्रज्ञांना, व्यवस्थापकांना आणि इतर व्यावसायिकांना गाठले. ज्या ५४ जणांना ओळखीतून नोकरी लागली होती, त्यांना त्याने विचारले, की ही खबर देणारा माणूस तेव्हा तुम्हाला किती वेळा भेटत असे? आठवड्यातून दोनदा किंवा जास्त, असे म्हणणारे फक्त ९ निघाले. वर्षातून एखादे वेळी किंवा तेवढेही नाही, असे १५. उरलेले ३० या दोन्हींच्या मधले. १९७३ साली छापलेल्या त्याच्या निबंधात हे आकडे आहेत, पण निबंधाचा प्राण आहे त्यातला एक छोटासा तर्क.

समजा अनिताची भास्करशी घट्ट मैत्री आहे आणि चैत्रालीशीही. मग भास्कर आणि चैत्राली कधी ना कधी अनिताच्या घरी, डब्याच्या वेळी, वाढदिवसाला एकमेकांना भेटणारच. निदान तोंडओळख तरी होणार. घट्ट नात्यांचे त्रिकोण असे आपोआप पूर्ण होत जातात. आता जाळ्यातला ‘पूल’ म्हणजे काय ते पाहू. दोन गटांना जोडणारा एकच दुवा असेल, तो काढला की पलीकडे जायला वाटच उरणार नाही, तर तो पूल. अनिता आणि भास्कर यांच्यातला दुवा घट्टही आहे आणि पूलही आहे, असे क्षणभर धरून चाला. पण चैत्राली अनिताची जिवलग आहे, म्हणजे ती भास्करलाही ओळखतेच. तेव्हा अनिताकडून चैत्रालीमार्गे भास्करपर्यंत दुसरी वाट निघाली. मग पहिला दुवा पूल राहिलाच नाही! म्हणजे ज्याला आणखी एक तरी जिवलग आहे, त्याचे कोणतेही घट्ट नाते पूल असू शकत नाही. पूल असेल तर तो दूरच्या ओळखीचाच. जवळच्यांना जे कळते ते आपल्याला आधीच कळलेले असते, कारण सगळे एकाच त्रिकोणांच्या गुंत्यात बसलेले असतात.

सगळे जाळे एकमेकांच्या जवळ यायला असे पूल किती लागतात? १९९८ साली डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ या संशोधकांनी याचे गणित मांडले. १००० माणसे गोल रिंगणात उभी करा. प्रत्येकाची ओळख डावीकडच्या ५ आणि उजवीकडच्या ५ जणांशी. माझ्या दहा मित्रांच्या ४५ जोड्या होतात, त्यांतल्या ३० जोड्या एकमेकांना ओळखतात. दाट वस्तीच म्हणायची. पण ओळखीच्या ओळखीने एकाकडून दुसऱ्याकडे जाणे हा एक टप्पा धरला, तर कुणाही दोघांमधले सरासरी अंतर निघते १०००/(२×१०), म्हणजे ५० टप्पे. आता एकूण ५००० दुव्यांपैकी १ टक्का, म्हणजे ५० दुवे उचलून रिंगणात कुठेही जोडा. सरासरी अंतर ५० वरून १० टप्प्यांच्या आसपास कोसळते, आणि त्रिकोणांचा दाटपणा मात्र जवळपास तसाच राहतो. रिंगणातल्या माणसाला आपल्या आजूबाजूला काही बदलल्याचे जाणवतसुद्धा नाही.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत हे कुणी शिकवत नाही. तिथे ‘संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५’ हा मंत्र सांगून पैसे घेतले जातात. हे आकडे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतून उचललेले आहेत. त्या प्रयोगांत एकेक सुटा शब्द निरनिराळ्या सुरात ऐकवून, बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नाही एवढेच ओळखायला सांगितले होते. भावना आणि आवडनिवड यांपलीकडे हे सूत्र लागू नाही, असे स्वतः मेहराबियन यांनीच बजावले आहे. मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना ‘शब्दांना किंमत नाही’ असे शिकवणे म्हणजे शुद्ध फसवणूक आहे.

ग्रॅनोव्हेटरच्या तर्काची मोठी कसोटी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. लिंक्डइन या नोकरी-व्यवसायातल्या ओळखींच्या संकेतस्थळावर ‘हे तुमच्या ओळखीचे असतील’ म्हणून सुचवल्या जाणाऱ्या नावांत यादृच्छिक फेरफार करून, पाच वर्षांत २ कोटींहून अधिक लोकांची जाळी तपासली गेली. दूरची ओळख खरोखर जास्त उपयोगी ठरली, पण अगदीच अनोळखी माणूस नाही. ज्याच्याशी साधारण दहा समान ओळखी आहेत, तिथे नोकरी बदलण्याची शक्यता सर्वांत जास्त. त्यापुढे समान ओळखी वाढल्या की उपयोग उतरू लागतो. आणखी एक बारकावा म्हणजे संगणकाशी फारसा संबंध नसलेल्या उद्योगांत घट्ट नातीच जास्त कामी आली. त्यामुळे दिसेल त्याला जोडणीची विनंती पाठवत सुटण्याला या अभ्यासाचा आधार नाही.

या गणिताची एक बाजू मला अस्वस्थ करते. बोस्टनची वेस्ट एंड ही इटालियन वस्ती १९५० च्या दशकाच्या अखेरीस पाडली गेली. माणसे एकमेकांना जीव लावणारी होती, तरी त्यांची एकजूट उभी राहिली नाही. ग्रॅनोव्हेटरचा तर्क असा, की घट्ट टोळकी पुष्कळ होती, पण टोळक्यांमध्ये पूल नव्हते. आपल्याकडे घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या मुलीचे नातेवाईक बहुधा एकाच तालुक्यात, एकाच धंद्यात असतात. माया अपार, पण बाहेर नेणारी वाट एखादीच. तिच्या कॉलेजने दोन-तीन वर्षांपूर्वी तिथूनच बाहेर पडलेल्या मुलामुलींना वर्षातून एकदा बोलावले, तर तेच गाव, तेच शिक्षक, तीच खाणावळ अशा दहा समान ओळखी तिथे आयत्याच असतात. मोठा पाहुणा आणून भाषण ठेवण्यापेक्षा याला खर्चही कमी येतो.