आवडत्या चित्रपटांची बैठक (नाशिक)

पाच-पंधरा जणांनी ठरवून जमायचे, त्यांतल्या एकाने आपल्या आवडीचा चित्रपट इतरांना दाखवायचा आणि मग सर्वांनी त्यावर सविस्तर बोलायचे, या प्रथेला येथे बैठक म्हटले आहे. भयपट, कल्ट (चाहत्यांनी जपलेले) चित्रपट आणि जुने अभिजात चित्रपट हा तिचा मुख्य माल. फिल्म सोसायटीपेक्षा हा प्रकार लहान आणि घरगुती आहे. सोसायटीत निवड समितीची असते. बैठकीत ती एका माणसाची असते आणि तिची जबाबदारीही त्याचीच. म्हणून चित्रपट थोर आहे की नाही हा बैठकीतला खरा प्रश्न नव्हे. दाखवणाऱ्याला त्यात जे दिसते ते बाकीच्यांना दिसले का, हे महत्त्वाचे. त्यासाठी योग्य प्रत, पुरेसा अंधार आणि स्वच्छ आवाज लागतो. फसलेली बैठक बहुधा चर्चा सुरू होण्याआधीच फसलेली असते.

नाशिकचा संदर्भ

धुंडिराज गोविंद उर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. ‘राजा हरिश्चंद्र’चे चित्रीकरण मुंबईत दादरला झाले आणि ३ मे १९१३ रोजी तो गिरगावातील कोरोनेशन सिनेमागृहात लागला. त्यानंतर मात्र फाळक्यांनी बिऱ्हाड आणि काम दोन्ही नाशिकला हलवले. १९१८ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचे काम नाशिकमध्येच चालत असे. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधनही याच शहरात झाले. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे.

त्यामुळे अभिजात चित्रपटांची ओळख करून देताना नाशिककराला पॅरिस-बर्लिनपासून सुरुवात करण्याची गरज नाही. १९१९ चा ‘कालिया मर्दन’ घ्यावा. फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी त्यात कृष्ण झाली आहे. कथेला सुरुवात होण्याआधी कॅमेरा तिच्या चेहऱ्याजवळ जातो आणि ती एकामागून एक भाव करून दाखवते. आता हीच मुलगी कृष्ण होणार आहे, हे दिग्दर्शक प्रेक्षकाला उघडपणे सांगून टाकतो, आणि तरीही पुढे डोहातल्या प्रसंगात प्रेक्षक तिला कृष्ण मानतो. मूकपट कंटाळवाणे असतात असे ठाम मत असलेल्यांना ही पहिली काही मिनिटे दाखवावीत. ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवायचा झाल्यास एक गोष्ट आधी सांगावी: आज उपलब्ध असलेली रिळे १९१३ ची की फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

काय निवडावे

‘आवडते दहा’ अशी यादी मागितली की सगळ्यांच्या याद्यांत तीच सहा-सात नावे येतात, कारण माणूस आवड सांगण्याऐवजी प्रतिष्ठा सांगू लागतो. त्याऐवजी, जो अनेकदा पाहिला आणि तरीही ज्याची बाजू पूर्णपणे मांडता येत नाही असा एक चित्रपट मागावा. उत्तरे लगेच वेगळी येतात. कोणी रामसे बंधूंचा ‘पुराना मंदिर’ (१९८४) सांगतो, कोणी ‘झपाटलेला’ (१९९३).

‘झपाटलेला’ महाराष्ट्रात वेगळ्या जागी आहे. चित्रपट विनोदी आहे, पण शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी जिवंत केलेल्या त्या बाहुल्याने नव्वदच्या दशकातल्या मुलांची खरोखर झोप उडवली होती. मोठेपणी तो पाहिलेले हसतात आणि लहानपणी पाहिलेले गप्प होतात. बैठकीत दोन्ही वयांची माणसे असतील तर चर्चा आपोआप चांगली होते.

कल्ट चित्रपट कमाईवरून ठरत नाही. काही चित्रपट प्रदर्शनाच्या वेळी पडतात आणि नंतर प्रेक्षक त्यांना वर काढतात. काही पहिल्या दिवसापासून चालतात, पण पुढे लोक त्यातली वाक्ये रोजच्या बोलण्यात वापरू लागतात, जसे ‘अशी ही बनवाबनवी’चे (१९८८) झाले. पहिल्या प्रकाराचे अलीकडचे ठळक उदाहरण ‘तुंबाड’. २०१८ मध्ये त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला. त्याची मुळे नारायण धारपांच्या कथेत आणि नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीकडून, त्यामुळे मराठी वाचकाला त्यावर बोलायला जास्त जागा मिळते. धारपांची कथा आधी वाचून आलेले दोघे-तिघे असले तर फारच उत्तम.

प्रत

एकाच चित्रपटाच्या दोन प्रती म्हणजे कधीकधी दोन वेगळे चित्रपट असतात. ‘नोस्फेरातू’ (१९२२) हा जर्मन मूक भयपट घ्या. त्यातली रात्रीची दृश्ये दिवसा चित्रित केली होती आणि प्रतीला निळी छटा देऊन रात्र दाखवली होती. छटा नसलेली प्रत लावली तर उन्हाने मरणारा पिशाच्च भर दुपारी शवपेटी काखोटीला मारून गावातून फिरताना दिसतो. लोक हसतात. तो दोष चित्रपटाचा नाही, प्रतीचा आहे.

मूकपटांचा वेग हा दुसरा सापळा. ते साधारणपणे सेकंदाला १६ ते १८ चौकटी (फ्रेम) या वेगाने दाखवले जात. २४ च्या वेगाने चालवल्यास १८ चौकटींचा एक तासाचा चित्रपट ४५ मिनिटांत संपतो आणि माणसे तुरुतुरु धावतात. जुने लोक असेच चालायचे, असा समज त्यातूनच पसरला आहे.

युरोपातल्या ‘पाल’ (PAL) या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर २४ चौकटींचा चित्रपट २५ ने चालतो. १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि संगीताची पट्टी किंचित चढते. डोळ्यांना हे कळत नाही, पण सबटायटल बिघडतात. ती कशी बिघडली आहेत ते पाहून इलाज करावा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच उशीर असेल, तर व्हीएलसी या प्लेअरमध्ये ‘जी’ आणि ‘एच’ या कळांनी दर दाबेला ५० मिलिसेकंद मागेपुढे करता येते. उशीर वाढत जात असेल, म्हणजे दहाव्या मिनिटाला सुमारे २४ सेकंदांचा फरक पडत असेल, तर फाइल २४ चौकटींच्या प्रतीसाठी बनवलेली आहे. ती सबटायटल जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून २५ ला बदलून घ्यावी लागते. कळा दाबत बसून उपयोग नाही. मराठी सबटायटलच्या जागी चौकोन किंवा विचित्र चिन्हे आली, तर फाइल यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात जतन करावी आणि देवनागरी फॉन्ट निवडावा. हे सगळे आदल्या दिवशी, ज्या यंत्रावर चित्रपट दाखवायचा त्याच यंत्रावर तपासायचे. पहिली पाच मिनिटे, मधली पाच आणि शेवटची पाच पाहिली तरी पुरते.

आवृत्तीही विचारून घ्यावी. ‘शोले’चा (१९७५) मूळ शेवट आणि सेन्सॉरनंतर थिएटरांत गेलेला शेवट वेगळे आहेत, ठाकूर गब्बरला मारतो की पोलिसांच्या हवाली करतो, यावर सबंध चर्चेची दिशा बदलते. जुन्या व्हीसीडींत रुंद पडद्याच्या चित्रपटांच्या कडा कापलेल्या असतात. कडेला उभा असलेला माणूसच भीतीचे कारण असेल, तर तो त्या प्रतीत नसतोच.

खोली, पडदा, उजेड

जुन्या नाशिकमधल्या आणि पंचवटीतल्या वाड्यांच्या खोल्या बैठकीला सोयीच्या. भिंती जाड, खिडक्या लहान, वर लाकडी तुळया. अंधार सहज होतो आणि आवाज घुमत नाही. गंगापूर रोड किंवा इंदिरानगरच्या नव्या फ्लॅटमध्ये याच्या उलट: मोठ्या सरकत्या खिडक्या आणि गुळगुळीत टाइल्स. तिथे खिडक्यांना दुहेरी काळे कापड आणि जमिनीवर सतरंजी किंवा गाद्या लागतात. बसायची सोय होते आणि घुमाराही कमी होतो.

प्रोजेक्टरचे गणित सोपे आहे. थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर १२ फुटांवरून ८ फूट रुंद चित्र पडते. १६:९ आकारात त्याची उंची साडेचार फूट. अशा ३६ चौरस फूट पडद्यावर पूर्ण अंधारात सिनेमागृहाइतका उजेड हवा असेल, तर जेमतेम सहाशे लुमेन (प्रोजेक्टरचा उजेड मोजायचे एकक) पुरतात. मोठ्या आकड्यांच्या जाहिरातींना भुलण्यापेक्षा खिडकीच्या फटी बुजवणे जास्त फायद्याचे, कारण भयपटात काळा रंग काळाच दिसला पाहिजे आणि खोलीत उजेड असेल तर कोणताही प्रोजेक्टर काळा रंग दाखवू शकत नाही. प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ आणि सपाट ठेवावा. तिरका ठेवून कीस्टोनने (वाकडे चित्र चौकोनी करणाऱ्या सोयीने) दुरुस्त केला की चित्राची धार जाते.

१९५० पूर्वीचे बहुतेक बोलपट १.३७:१ आकाराचे आहेत. साडेचार फूट उंचीवर ते सुमारे सव्वासहा फूट रुंद दिसतात आणि दोन्ही बाजूंना काळी जागा राहते. ती राहू द्यावी. पडदा भरायचा म्हणून चित्र ताणले की सगळे नट जाडे होतात. टीव्हीवर दाखवायचे असेल, तर हालचाल गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करावी. ती चालू असताना अभिजात चित्रपट रोजच्या मालिकेसारखा दिसतो.

गच्चीवरची बैठक आकर्षक वाटते, पण तिचे वेळापत्रक कठीण आहे. मे महिन्यात सूर्य सात वाजता मावळतो, पुरता अंधार व्हायला पावणेआठ होतात आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सव्वादोन तासांपेक्षा मोठा चित्रपट बसतच नाही. डिसेंबरात साडेसहाला सुरू करता येते, पण नाशिकच्या थंडीत दुसऱ्या तासाला लोक चित्रपटाऐवजी शालीचा विचार करू लागतात. नोव्हेंबरचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी बरे. पावसाळ्यात गच्ची नको. पाऊस थांबला तरी पाखरे भिंगावर झेपावतात.

आवाज

भयपटाची अर्धी भीती कानातून येते, आणि बैठकीत सर्वांत जास्त हेळसांड आवाजाचीच होते. पातळी शीर्षकसंगीतावर न ठरवता एखाद्या कुजबुजीच्या संवादावर ठरवावी. शेवटच्या रांगेत शब्द कळले की हात काढून घ्यावा आणि पुढे आवाजाला हात लावू नये. ५.१ ध्वनीची (सहा चॅनेलची) प्रत दोन स्पीकरवर वाजवली की संवाद दबतात आणि किंकाळ्या फुटतात. अशा वेळी प्लेअरमध्ये स्टिरिओ ट्रॅक निवडावा, नाहीतर मधल्या चॅनेलची पातळी वाढवावी. शेजाऱ्यांच्या धाकाने ‘नाइट मोड’ (मोठे आवाज दाबणारी सोय) लावला तर शांतता आणि धक्का यांतले अंतरच मिटते. त्यापेक्षा लवकरची वेळ घ्यावी. ब्लूटूथ स्पीकर टाळावा. त्याचा आवाज एक-दोन दशांश सेकंद मागे राहतो आणि ओठ आधी हलतात. साधी वायर उत्तम.

खाण्याचे मध्यंतरात. चिवड्याची कुरकुर आणि वेफर्सच्या पुड्यांची चुरचुर शांत दृश्यात सगळ्या खोलीला ऐकू जाते. हिंदी-मराठी चित्रपटांत मध्यंतराची जागा पटकथेतच ठरलेली असते. परदेशी भयपटांत ती नसते, आणि ताण चढत असताना दिवे लावले तर तो परत चढत नाही. ९० ते १०० मिनिटांचा भयपट सलग दाखवावा.

बोलणे

दाखवणाऱ्याने सुरुवातीला पाच मिनिटे बोलावे: वर्ष, देश, प्रत कोणती, आणि त्रासदायक काय आहे. लहान मुलाचा मृत्यू, प्राण्यांवरची हिंसा, लैंगिक अत्याचार यांची सूचना आधी दिलीच पाहिजे. उठून जाणाऱ्याला कोणी अडवू नये किंवा नंतर चिडवू नये. भित्रेपणाची थट्टा झाली की पुढच्या वेळी खरे बोलणारे गप्प बसतात. कथा सांगू नये, आणि ‘आता बघा हं’ असे मध्येच तर मुळीच म्हणू नये.

चित्रपट संपल्यावर दिवे लगेच लावायची घाई नको, नामावली संपू द्यावी. मग पहिली फेरी: प्रत्येकाने आवडले-नावडले न सांगता लक्षात राहिलेली एक गोष्ट सांगायची, एखादे दार, आवाज किंवा हात. दुसऱ्या फेरीत मते. हा क्रम उलटा केला की पहिल्याच बोलक्या माणसाच्या मतामागे सगळे जातात किंवा त्याच्याशी भांडतात, आणि चित्रपट बाजूला राहतो.

एक दृश्य पुन्हा पाहणे हा बैठकीचा गाभा. ‘सायको’तल्या (१९६०) न्हाणीघराच्या दृश्याचा प्रयोग नेहमी यशस्वी होतो. ७८ कॅमेरा मांडण्या आणि ५२ कट असलेले हे दृश्य एकदा आवाजासह आणि एकदा आवाज बंद करून दाखवावे. दिग्दर्शक हिचकॉकला तिथे आधी संगीत नकोच होते. संगीतकार बर्नार्ड हरमनने व्हायोलिनांच्या त्या कर्कश सुरावटी ऐकवल्यावर त्याने मत बदलले. आवाजाविना पाहिल्यावर चाकू अंगात शिरताना जवळजवळ दिसतच नाही हे ध्यानात येते आणि ‘मी तर पाहिलं होतं’ असे म्हणणारे कोणीतरी हमखास निघते. तिथून चर्चा आपोआप पुढे जाते.

कायदा

घरातल्या माणसांनी घरी पाहणे वेगळे आणि जाहीर कार्यक्रम वेगळा. सभागृह घेतले, सार्वजनिक निमंत्रण दिले, तर हक्कदाराची परवानगी आणि सेन्सॉर प्रमाणपत्र दोन्ही लागतात. ओटीटीची वैयक्तिक वर्गणी किंवा विकत घेतलेली डिस्क त्यासाठी चालत नाही. ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटाला १८ वर्षांखालील कोणालाही बसवता येत नाही. भारतात चित्रपटाचा स्वामित्वहक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे टिकतो, म्हणजे १९६४ चे चित्रपट २०२५ च्या सुरुवातीला मुक्त झाले. मात्र त्यातल्या गाण्यांचे किंवा मूळ कथेचे हक्क लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत वेगळे चालू असू शकतात.

नोंदवही

प्रत्येक बैठकीची अर्ध्या पानाची नोंद ठेवावी: चित्रपट, वर्ष, दिग्दर्शक, प्रतीची लांबी मिनिटांत, चित्राचा आकार, सबटायटल कोणती, आवाजाची पातळी कुठे ठेवली, काय बिघडले आणि कोणते दृश्य पुन्हा पाहिले. लांबी लिहायला विसरू नये. पुढे दुसरी प्रत हाती आली की काही मिनिटे कमी का, हे त्यावरूनच शोधता येते.