वीजदर स्थिरीकरणासाठी विकास बँकेचा पतपुरवठा (चिली)

घरगुती वीजदर एकदम भडकू नयेत म्हणून सरकारने ते गोठवायचे, त्यामुळे वीज उत्पादकांची जी रक्कम थकेल ती विकास बँकेच्या पुढाकाराने विकत घ्यायची आणि पुढच्या काही वर्षांत बिलातूनच वसूल करायची, अशी ही पद्धत. दक्षिण अमेरिकेतील चिलीमध्ये 2019 नंतर ती मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. नाव ‘स्थिरीकरण’ असले तरी तिने वीज स्वस्त होत नाही, पैसे भरण्याची तारीख तेवढी पुढे जाते.

चिलीत वीजनिर्मिती, पारेषण आणि वितरण ही तिन्ही कामे 1980 च्या दशकापासून खासगी कंपन्यांकडे गेली. घराघरात वीज पोहोचवणाऱ्या वितरण कंपन्या लिलावातून, वीस वीस वर्षांच्या कराराने वीज घेतात. या करारांचे दर डॉलरमध्ये ठरतात. ग्राहक मात्र बिल भरतो पेसोमध्ये, म्हणजे चिलीच्या चलनात. पुढे झालेल्या सगळ्या गोंधळाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

ऑक्टोबर 2019 मध्ये राजधानी सान्तियागोच्या मेट्रोचे भाडे 30 पेसोंनी वाढले आणि देशभर उद्रेक झाला. त्याच सुमारास घरगुती वीजदरात 9.2 टक्के वाढ लागू होत होती. राष्ट्राध्यक्ष सेबास्तियान पिनेरा यांनी ती रद्द केली आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला कायदा क्रमांक 21185 आला. दर 2019 च्या पहिल्या सहामाहीच्या पातळीवर रोखले गेले. कराराचा दर आणि ग्राहकाने भरलेला दर यांतला फरक उत्पादकांच्या खात्यात ‘येणे’ म्हणून साचू लागला. त्याला 135 कोटी डॉलरची मर्यादा घातली होती आणि 2027 अखेर सगळी फेड व्हायची होती. या पहिल्या कायद्यानुसार 2025 संपेपर्यंत या रकमेवर व्याजही लागणार नव्हते.

हे गणित वाटते तितके भाबडे नव्हते. तेव्हा चालू असलेले बरेच करार जुने आणि महाग होते. पण 2016 च्या लिलावात सरासरी दर हजार युनिटला 47.6 डॉलर, तर 2017 च्या लिलावात सुमारे 32.5 डॉलर इतका खाली आला होता. यात सौर आणि पवन ऊर्जेचा वाटा मोठा होता. ही स्वस्त वीज 2021 पासून आणि मग 2024 पासून मिळणार होती. आज महाग, उद्या स्वस्त. मग ग्राहकाने दोन्ही काळांत मधला दर द्यावा आणि उद्याच्या बचतीतून आजची उधारी फेडावी, असा विचार त्यामागे होता.

प्रश्न उरला तो उधारी सांभाळायची कोणी याचा. उत्पादकांना इंधनाचे, देखभालीचे आणि कर्जाच्या हप्त्यांचे पैसे दर महिन्याला लागतात. इथे आंतर-अमेरिकी विकास बँकेची खासगी क्षेत्रासाठीची शाखा, आयडीबी इन्व्हेस्ट, पुढे आली. सोबत गोल्डमन सॅक्स ही गुंतवणूक बँक होती. एईएस गेनेर, एन्जी, एनेल अशा कंपन्यांनी 2021 च्या आगेमागे आपली येणी विकली. खरेदीसाठी खास कंपनी उभारून तिच्या नावाने रोखे काढले गेले. व्यवहार आपल्याकडच्या हुंडीसारखाच. समजा, उत्पादकाचे 100 डॉलर 2027 पर्यंत यायचे आहेत. तो कागद आज वटवला तर कसर कापून त्याच्या हाती 100 पेक्षा कमी पडणार. ही कसर उत्पादकांनी सोसली आणि ताळेबंदात तोटा म्हणून दाखवली. म्हणजे बँकेने ना घरगुती ग्राहकाला कर्ज दिले, ना अनुदान. तिने कागदाला गिऱ्हाईक मिळवून दिले. सरकारे बदलली तरी कायद्याने ठरलेली वसुली होईल हा भरवसा परदेशी गुंतवणूकदाराला वाटावा, यासाठी तिचे नाव कामी आले.

बिनसले ते विनिमय दराने. आंदोलनानंतर पेसो घसरला, मग महासाथ आली, मग इंधन महागले. जुलै 2022 मध्ये एका डॉलरला हजारांहून अधिक पेसो मोजावे लागत होते. गोठवलेला दर पेसोत आणि देणे डॉलरमध्ये, त्यामुळे फरक अपेक्षेपेक्षा फार लवकर फुगला आणि 135 कोटींची मर्यादा 2022 च्या सुरुवातीलाच भरली. ऑगस्ट 2022 मध्ये कायदा क्रमांक 21472 करून आणखी 180 कोटी डॉलरची सोय झाली. यावेळी महिन्याला 350 युनिटपर्यंत वापर असलेल्यांना वाढीपासून वाचवले आणि जास्त वापरणाऱ्यांवर भार टाकला. उत्पादकांना नुसत्या खातेनोंदीऐवजी सरकारी कोषागाराने दिलेले, हस्तांतर करता येणारे देयकपत्र मिळू लागले. पहिल्या खेपेला उत्पादकांना झळ बसली होती, त्यातून घेतलेला हा धडा. ही पत्रे विकत घेण्यातही आयडीबी इन्व्हेस्ट होतीच.

तेही पुरले नाही. एप्रिल 2024 मध्ये कायदा क्रमांक 21667 आला, दर मोकळे झाले आणि साचलेले देणे 2035 पर्यंत फेडायचे ठरले. जुलै 2024 पासून टप्प्याटप्प्याने झालेली वाढ सहा-सात महिन्यांत 60 टक्क्यांच्या घरात गेली. गरीब कुटुंबांसाठी अनुदान सुरू करावे लागले. पाच वर्षांपूर्वी 9.2 टक्के टाळले होते, हे लक्षात घेतले की ग्राहकांचा संताप समजतो.

महाराष्ट्रातील ग्राहकाला याची उलट बाजू ओळखीची आहे: ‘इंधन समायोजन आकार’ या ओळीतून खर्चातली वाढ फार न थांबता बिलात उतरते. चिलीच्या जवळचा भारतीय प्रकार म्हणजे ‘नियामक मत्ता’, अर्थात वीज नियामक आयोगाने मान्य केलेली पण दरात न घेतलेली थकबाकी. दिल्लीत ती हजारो कोटींवर गेली आणि ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा थकबाकीच्या वसुलीला कालमर्यादा घातली. तिथे विकास बँक मध्ये नव्हती, ओझे वितरण कंपन्यांच्या वहीतच राहिले.

चिलीत ऑक्टोबर 2025 मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली. देण्याच्या हिशेबात व्याजही धरले होते आणि महागाईही वेगळी लावली होती. व्याजदरात महागाई आधीच आलेली असल्याने ती दोनदा मोजली गेली. लोकांनी जास्तीचे बिल भरले होते. ऊर्जामंत्री दिएगो पार्दो यांना पद सोडावे लागले.