आतड्याचा आजार नखांवर

इंदूरच्या मराठी घरांत सकाळी पोळी, संध्याकाळी पोळी आणि सुटीच्या दिवशी दाल-बाफले हा क्रम इतका अंगवळणी पडला आहे की, एखाद्याला गहूच बाधत असेल ही शंका सर्वांत शेवटी मनात येते. पोट बिघडले की आधी पाण्याला आणि तेलाला दोष दिला जातो. आणि पोटाची तक्रारच नसेल, नुसता थकवा, गळणारे केस आणि तुटणारी नखे एवढेच असेल, तर गव्हाचा विषयही निघत नाही. सिलिअ‍ॅक हा आजार मात्र पुष्कळदा असाच, पोटाविषयी फारसे काही न बोलता येतो.

गहू, जव आणि राय या धान्यांमध्ये ग्लूटेन हे प्रथिन असते. ज्यांच्यात विशिष्ट जनुकीय ठेवण असते, अशांपैकी काहींच्या शरीराची संरक्षणव्यवस्था ग्लूटेनच्या निमित्ताने स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. आतड्याच्या आतील अस्तरावर अन्नरस शोषून घेणारे बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. ते झिजत जाऊन अस्तर सपाट होते. ही झीज आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात सर्वाधिक असते आणि अन्नातील लोह मुख्यतः तेथेच शोषले जाते. त्यामुळे पालेभाज्या, गूळ, लोहाच्या गोळ्या असे सारे काही पोटात जाऊनही रक्तात लोह पुरेसे पोहोचत नाही. हिमोग्लोबिन गोळ्यांनी थोडे चढते, गोळ्या थांबल्या की पुन्हा उतरते, आणि ‘बायकांना असतेच’ असे म्हणून वर्षे जातात. हे वाक्य मला अत्यंत घातक वाटते, कारण त्याच्याआड खरे कारण शोधण्याचे राहून जाते.

लोहाची कमतरता दीर्घकाळ टिकली, की नखाची पाटी पातळ आणि मऊ होते. एरवी किंचित फुगीर असणारे नख आधी सपाट होते, पुढे मध्यभागी खोलगट होऊन कडा वर उचलल्या जातात आणि नखाला संध्येच्या पळीसारखा आकार येतो. पाहण्याची पद्धत सोपी आहे. हात टेबलावर पालथा, स्थिर ठेवून नखावर पाण्याचा एक थेंब सोडावा. निरोगी नखावरून तो ओघळतो, खोलगट झालेल्या नखात तो साचून राहतो. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांवर हा बदल बहुधा आधी दिसतो. तान्ह्या मुलांच्या पायाची नखे मात्र अशी खोलगट असणे स्वाभाविक असते. ती वयानुसार आपोआप सुधारतात.

दुसरी खूण आडव्या खाचांची. नख त्वचेखाली दडलेल्या मुळापाशी तयार होते आणि हाताचे नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर पुढे सरकते. गंभीर आजार किंवा कुपोषण यांमुळे मुळापाशी चाललेले काम काही काळ मंदावले, तर त्या काळात तयार झालेल्या भागात आडवी खाच राहते. फ्रेंच वैद्य जोसेफ ओनोरे सिमों बो यांनी 1846 मध्ये या खाचांचे वर्णन केले आणि त्या आजही त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. खाच नखाच्या मुळापासून 6 मिलिमीटरवर असेल, तर ती घटना सुमारे दोन महिन्यांपूर्वीची, एवढा हिशेब घरबसल्याही करता येतो. सिलिअ‍ॅकमध्ये जस्त आणि प्रथिने कमी पडून अशा खाचा उमटू शकतात. पण डेंग्यूसारख्या कडक तापानंतरही त्या दिसतात, म्हणून आधीच्या काही महिन्यांत काय घडले, हे आठवून पाहावे.

रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन फार खालावले, तर नखावर आडव्या पांढऱ्या पट्ट्यांच्या जोड्या दिसतात. त्या नखाच्या पाटीत नसून तिच्या खालच्या त्वचेत असल्यामुळे नखाबरोबर पुढे सरकत नाहीत आणि नख दाबले की पुसट होतात. काही रुग्णांना चाई पडते आणि तिच्यासोबत नखांवर बारीक खळगे येतात. चाई हाही संरक्षणव्यवस्थेच्या बिघाडातून होणारा आजार असून सिलिअ‍ॅकच्या रुग्णांमध्ये तो इतरांपेक्षा अधिक आढळतो. नखावरचे विखुरलेले पांढरे ठिपके मात्र बहुतेक वेळा लहानसहान मार लागल्याने येतात. ते कॅल्शियमच्या कमतरतेचे लक्षण मानण्याची आपल्याकडची समजूत निराधार आहे.

यांतील एकही खूण एकट्या सिलिअ‍ॅकची नाही. पळीसारखे नख अतिरक्तस्रावानेही होते, खळगे सोरायसिसमध्येही पडतात. पण नखे खोलगट आहेत आणि लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त वाढत नाही, असे दोन्ही असेल, तर डॉक्टरांना टीटीजी-आयजीए या रक्तचाचणीविषयी अवश्य विचारावे. आयजीए हा अँटीबॉडीचा, म्हणजे संरक्षणव्यवस्था तयार करते त्या प्रथिनांचा, एक प्रकार आहे. सोबत एकूण आयजीएही तपासतात, कारण ते मुळातच कमी असेल तर पहिली चाचणी फसवे उत्तर देते. निदान पक्के करण्यासाठी बहुधा दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासला जातो. हे सारे पूर्ण होईपर्यंत गहू सोडू नये, ही सूचना मी आग्रहाने करीन: आधीच गहू बंद केला तर अँटीबॉडी उतरतात, अस्तर सुधारू लागते आणि आजार असूनही अहवाल निर्दोष येतो.

निदान झाल्यावर मात्र गहू आयुष्यभरासाठी सोडावा लागतो. माळव्यातला कठिया गहू किंवा ‘देशी’ म्हणून विकला जाणारा खपली गहू चालेल, असे पुष्कळांना वाटते. दोन्हींत ग्लूटेन असते. पोहे तांदळाचे, भुट्ट्याचा कीस मक्याचा आणि शेव बेसनाची, म्हणून हे पदार्थ मुळात चालणारे आहेत. पण बाजारच्या हिंगात पुष्कळदा मैदा असतो, शेव ज्या तेलात तळली त्यातच कचोरी तळलेली असू शकते, आणि ज्या चक्कीत नुकताच गहू दळला तिथे दळलेले ज्वारीचे पीठ शुद्ध राहत नाही. भारतात ग्लूटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लूटेन असावे असा नियम आहे. यावरून बाधायला किती थोडे पीठ पुरते, याची कल्पना यावी.

पथ्य नीट पाळले आणि लोह भरून निघाले, की हाताची नखे साधारण सहा महिन्यांत नव्याने वाढून येतात. पायाच्या नखांना एक ते दीड वर्ष लागते. दरम्यान घरातील इतरांचीही तपासणी करून घ्यावी. उत्तर भारतात हा आजार शंभरात सुमारे एकाला आढळतो. रुग्णाचे आई-वडील, भावंडे आणि मुले यांच्यात मात्र हे प्रमाण दहात एकापर्यंत जाते, आणि त्यांच्यातील अनेकांना कसलीही तक्रार जाणवत नसते.